घराचा घसा

मी एक जुना घसा आहे. दचकू नका, मित्रांनो. माणसाचा नव्हे, घराचा. कोणी मला हवेची चिमणी म्हणते, कोणी पोकळ खांब म्हणते. ज्यांनी मला बांधले ते मिस्त्री मात्र पहिल्या दिवसापासून मला घसाच म्हणत आले. तळमजल्याच्या मागच्या खोलीपासून निघून गच्चीच्याही वर पुरुषभर उंच गेलेला, दीड हात रुंदीचा, विटांचा उभा बोळ म्हणजे मी. माझ्या आत काळोख आहे आणि बाकी काही नाही. त्या काही नसण्यावरच माझे सारे काम चालते.

मिस्त्रींनी हे घर स्वतःसाठी बांधले. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती चढवल्या, आता एक आपली, असे ते म्हणाले. माझी मावळतीकडची बाजू त्यांनी काळी रंगवली. दुपार कलली की ती तापते. आतली हवा हलकी होऊन वर निघते, तिच्यामागे खोल्यांतली कोंदट हवा ओढली जाते, आणि सावलीकडच्या बुटक्या खिडक्यांतून गार हवा घरात शिरते. पंखा नाही, मोटर नाही, वीज नाही. ऊन जितके कडक, तितका मी जोरात ओढतो. प्रत्येक खोलीत माझे एकेक तोंड आहे आणि त्याला दोरीने उघडझाप करता येणारी लाकडी झडप आहे.

मी चढत होतो तेव्हाची एक गोष्ट सांगतो. अशा अरुंद बोळात बांधताना चुन्या-सिमेंटचे गोळे आत पडतात आणि मधेच अडकून बसतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. म्हणून मिस्त्री दर पाच थरांनी काम थांबवत, खालच्या तोंडात डोके घालत आणि हाक मारत, "होऽ!" वर बसलेला जोडीदार तिथून "होऽ!" म्हणे. हाक मोकळी गेली तर आत सारे ठीक. कुठे बोबडी झाली, लवकर परतली, तर आत काहीतरी बसले आहे. "विटेला विचारायचं तर आवाजानंच विचारावं," असे ते म्हणत.

घर पुरे झाले, जोडीदार आपल्या वाटेने गेला, पण मिस्त्रींची सवय गेली नाही. रोज दुपारी जेवण झाले की ते मागच्या खोलीत येत, झडप उघडत आणि मला हाक मारत. मागच्या खोलीतले माझे तोंड त्यांनी मुद्दाम आपल्या चेहऱ्याच्या उंचीवर ठेवले होते. वर आता कोणी नसे. ते हाक जाताना ऐकत आणि मान हलवत. त्यांची बायको वरच्या स्वयंपाकघरातून ओरडे, "घशाला जेवलास का विचारून झालं असेल, तर स्वतःचा हात धुवा आधी!" ते बोलणेही माझ्यातूनच खाली येई. हवेसोबत आवाज येतातच. "आपल्या भिंतींना कान नाहीत, तोंड आहे," असे ती शेजारणींना हसत सांगे.

मित्रांनो, ज्याच्यातून घरातला प्रत्येक श्वास जातो, तो घरातल्या माणसांना आतून ओळखतो. कोण रडून आले, कोणाच्या छातीत घरघर आहे, कोण झोपेचे सोंग करते आहे, हे मला कळते. मी ते कोणाला सांगत नाही. फक्त वर नेतो.

काही वर्षांनी घरात गॅसचा गीझर आला. न्हाणीघर मागच्या खोलीला लागून आहे आणि त्याची एक भिंत म्हणजे मीच. नळकाम करणाऱ्याने इकडेतिकडे पाहिले. जळलेला वायू बाहेर कुठून काढायचा? "ही आयती चिमणी आहे की," तो म्हणाला. त्याने माझ्या अंगाला मुठीएवढे भोक पाडले, नळी आत घातली आणि दिसायला वाईट नको म्हणून वरून लाकडी पेटी ठोकली. मिस्त्री कामावर होते. मुलगा बस चालवतो, तोही कामावर होता. पाहत होती ती एकटी मिस्त्रींची बायको.

"वर मोकळं आहे ना? मग जाईल," ती म्हणाली. आणि खरेच जात होते. नवऱ्याला संध्याकाळी सांगू म्हणाली, ते राहून गेले. घरात अशा कितीतरी गोष्टी सांगायच्या राहून जातात. नळी भिंतीपलीकडे उघड्यावर निघते, असे बाकी सगळे धरून चालले.

पुढे मुलाचे लग्न झाले. सूनबाई कामाची होती. मागच्या अंगणात मशीन बसवून तिने धुलाईचे काम काढले. जवळच्या दवाखान्याच्या चादरी आणि उशांचे अभ्रे रोज दुपारी येत, आणि ती ते कढत पाण्यात धुऊन देई. दोन-दोन तास गीझर चाले. सासू-सुनेचे बरे जमले. म्हणजे भांडण रोज होई, पण जेवायच्या आधी संपे.

मग एका उन्हाळ्याच्या दुपारी, मागच्या खोलीत, मिस्त्रींची बायको गेली. आजार लहान होता, वय मोठे होते. तिचा शेवटचा श्वास माझ्यातूनच वर गेला. मी तो अडवला नाही. अडवणे हे माझे काम नव्हे.

आता त्यानंतरच्या हिवाळ्याकडे येतो.

घर थंडीत गार पडे. विजेची शेगडी लावावी तर ऊब कुठे निघून जाते कळत नसे. मुलगा आणि सूनबाई यांनी ठरवले, घर नीट बंदिस्त करायचे, वीज वाया घालवायची नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता, मित्रांनो. चांगला होता, हे मी त्यांच्या वतीने सांगतो. गळती तपासणारा माणूस आला. त्याने पुढच्या दारात मोठा पंखा बसवला, घरातली हवा बाहेर खेचायला लावली आणि हातात धुराची कांडी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरला. जिथे फट, तिथे धूर वाकतो. खिडकीशी थोडा वाकला. दाराशी थोडा वाकला. माझ्या तोंडाशी आला तेव्हा धुराचा दोरा ताठ आडवा झाला आणि माझ्यापासून दूर पळाला. एरवी वर नेणारा मी, त्या पंख्याच्या ओढीने उलटा चाललो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी घराच्या अंगावर श्वास टाकला. मला ते आवडले नाही.

"तुमचं घर इथूनच गळतंय," तो माणूस म्हणाला. "हे बंद करा, अर्धं काम झालं."

"बंद?" मिस्त्री म्हणाले. "अहो, घसा आहे तो. घसा बंद करतात का?"

"बाबा, आता जुनं झालं ते," मुलगा म्हणाला. "उन्हाळ्यात पंखे लावू की."

बाकी खोल्यांतली माझी तोंडे फेस भरून, गिलावा करून बुजवली. गच्चीवर माझ्या डोक्यावर एक जाड फरशी बसवली आणि कडांना डांबर लावले. मिस्त्रींनी एवढाच हट्ट धरला की आपल्या मागच्या खोलीतली झडप तशीच राहावी. "राहू दे," सूनबाई म्हणाली, "वरून बंद केलंय, आता खालून उघडी असली काय नि नसली काय." मिस्त्रींचा माझ्यावर जीव होता. त्या जिवापायी घरातले माझे एकच तोंड उघडे राहिले. ते त्यांच्या उशापाशी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाईने चादरी भिजवल्या आणि गरम पाणी सोडले. गीझर भडकला. त्याचा जळका वायू नळीतून माझ्यात आला, नेहमीसारखा वर गेला, फरशीला लागला आणि परत फिरला. त्याला रंग नव्हता. वास नव्हता. माझ्यात तो हळूहळू भरत गेला, जसे कोणी आडोशाला येऊन उभे राहावे आणि काही बोलू नये. मग उरलेल्या एका तोंडातून तो मिस्त्रींच्या खोलीत उतरू लागला.

मला कळत होते, मित्रांनो. मी काय करणार? मला हात नाहीत. मी जे येईल ते वाहतो.

जेवून मिस्त्री आले आणि त्यांनी हाक मारली, "होऽ!" हाक वर आपटून थेट त्यांच्या तोंडावर आली. त्यांनी पुन्हा मारली. संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितले, "हाक लगेच परत येते रे. आत काहीतरी बसलंय."

"फरशी बसलीय, बाबा. तुमच्या देखतच बसवली."

"फरशी नव्हे. आणखी काहीतरी."

मुलगा सूनबाईकडे बघून हसला. मिस्त्री हसले नाहीत. त्यांचे डोके दुखत होते.

आठवड्याभरात ते जेवताना घास विसरू लागले. चष्मा पाण्याच्या माठात सापडला. दुपारी डोळा लागला की दिवेलागणीपर्यंत उठत नसत. गाल लालबुंद दिसत, म्हणून शेजारी म्हणाले, थंडी मानवलेली दिसते मिस्त्रींना. आणि एके दुपारी त्यांनी मला हाक मारली, कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "तू कधी आलीस?"

मी दचकलो. या घरातला प्रत्येक आवाज माझ्यातून जातो. त्या दुपारी माझ्यातून कोणताही आवाज गेला नव्हता.

त्या दिवसानंतर त्यांनी तक्रार केली नाही. हाकही मारली नाही. थंडीत ते झडप दोन बोटे उघडी ठेवत. आता सताड उघडी ठेवू लागले, नीट ऐकू यावे म्हणून. खुर्ची माझ्यापाशी ओढून ते दुपारभर बसत. मधेच हसत, मधेच "हो, हो, बसतो की" म्हणत. पोटातले विष त्यांच्या तोंडावर सोडत मी ते ऐकत होतो.

मुलाने हे दारातून पाहिले. अंगणात जाऊन तो बायकोला म्हणाला, "बाबा भिंतीशी बोलतात. आईशी बोलल्यासारखे."

"मीपण ऐकलं," ती म्हणाली. "परवा तर मला म्हणाले, ताट तीन नको, चार घे."

"आपण दिवसभर कामात. उद्या कुठं निघून गेले, गाडीखाली आले तर? तो वृद्धांचा आश्रम आहे ना, तिथं असे बरेच असतात. सांभाळतात म्हणे चांगलं."

सूनबाई बराच वेळ चादर पिळत राहिली. "विचारून तर बघ," ती शेवटी म्हणाली. जागा मिळाली. सोमवारी सकाळी गाडी येणार होती.

रविवारी मुलगा बसवर होता. सूनबाईने मशीनमध्ये चादरी टाकल्या, गरम पाणी सोडले आणि टाके घालायचे अभ्रे घेऊन ती सासऱ्यांच्या खोलीत येऊन बसली. शेवटची दुपार त्यांच्यासोबत काढावी असे तिला वाटले असेल. थंडी होती, म्हणून तिने आल्या आल्या दार लावून घेतले. खिडक्या नव्या होत्या, घट्ट होत्या. कुठेही फट नव्हती.

"आज कामाला सुट्टी वाटतं सूनबाईची?" मिस्त्री म्हणाले.

"सुट्टी कसली? हे काय हातात."

"मग नीट घाल टाके. तुझी सासू बघतेय."

"बघू देत. त्या असताना तरी कुठं आवडले होते माझे टाके!"

मिस्त्री खूप हसले. मग त्यांनी बोट ओठांवर ठेवले. "ऐक."

सूनबाई ऐकू लागली. बाहेर मशीन घरघरत होते. न्हाणीघरात गीझर फुरफुरत होता. माझे पोट भरले होते आणि मी ओतत होतो, ओतत होतो. तिची सुई एकदा चुकली, मग दुसऱ्यांदा चुकली. तिने कपाळ चोळले. अभ्रा मांडीवरून घसरून खाली पडला तो तिने उचलला नाही. तिचे डोळे मिटले. दोघांचे श्वास माझ्या तोंडाशी येत होते, आणि मला ते घेता येत नव्हते. ते लांबत गेले. एक माणूस माझ्या हातून जाईल असे मला वाटत होते. आता दोन.

आणि सूनबाई ताडकन उभी राहिली. कोणी दंडाला धरून उठवावे तशी. ती पहिल्या पावलालाच कोलमडली. गुडघ्यांवर सरकत दारापर्यंत गेली, कडी काढली आणि परत आली. सासऱ्यांच्या काखेत हात घालून तिने त्यांना खुर्चीसकट ओढले. खुर्ची उलटली, ते खाली आले, तरी ती ओढत राहिली.

"तिला एकटं टाकू नकोस!" मिस्त्री ओरडले. "अगं, ती आत आहे!"

अंगणात दोघे गार फरशीवर पडून राहिले. सूनबाईला उलटी झाली. खूप वेळाने ती उठून बसली आणि बंद मशीनकडे, मग न्हाणीघराकडे बघत राहिली. "बाबांना म्हातारपण आलं," ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. "मला काय आलंय?"

तिने गीझर बंद केला. पेटीच्या फळ्या कपडे धुवायच्या दांडक्याने फोडल्या. नळी कुठे शिरते आहे ते तिने पाहिले, आणि तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

डॉक्टरांनी दोघांचे रक्त तपासले. बंद जागेत गॅस अर्धवट जळला की असा वायू होतो, ते म्हणाले, आणि तो रक्तात शिरला की डोके जड होते, माणूस भ्रमतो, नसलेले दिसते, नसलेले ऐकू येते. त्या खोलीत आणखी अर्धा तास गेला असता तर आश्रमाच्या गाडीची गरज पडली नसती. मुलगा बसचा गणवेश न बदलता गच्चीवर गेला आणि शिडी लावून माझ्या डोक्यापर्यंत चढला. पहारीने त्याने डांबर फोडले, फरशी उलथली. माझ्या डोक्यावर आकाश आले. तो माझ्यात वाकून रडत होता, आणि ते रडणे खाली रिकाम्या खोलीत पोचत होते. सोमवारी आलेली गाडी रिकामी परत गेली.

मग सगळे रीतसर झाले. गीझर बाहेरच्या भिंतीवर गेला आणि त्याची नळी सरळ उघड्यावर निघाली. माझ्या डोक्यावर चारी बाजूंनी मोकळी अशी छत्री बसवली. खोल्यांतली तोंडे उकरली, झडपांच्या कडांना नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी लावली. थंडीत त्या घट्ट मिटतात, ऊब आत राहते. वाईट हवा निघायला रोज थोडा वेळ उघडतात. वीज पूर्वीपेक्षा कमीच लागते. गळती तपासणारा पुन्हा आला तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "मी फटी शोधल्या. श्वास कुठून जातो ते विचारलंच नाही."

मिस्त्री घरीच राहिले. घास विसरेनासे झाले. पण मित्रांनो, त्यांच्या खोलीतली शांतता मला ओळखीची नव्हती. ते खुर्ची माझ्यापाशी ओढून बसत आणि उठून जात. एके दुपारी सूनबाई चहा घेऊन आली तेव्हा ते म्हणाले, "पोरी, रागावणार नाहीस तर एक विचारतो. ती फरशी थोडा वेळ परत ठेवता येईल का? तासभर. तू बाहेर बस."

सूनबाई रागावली नाही. चहा खाली ठेवून ती त्यांच्या पायाशी बसली.

"बाबा, मला पण ऐकू आल्या होत्या त्या दिवशी."

"हो?" ते पुढे वाकले. "काय म्हणाली?"

"ऊठ म्हणाल्या. आई ओरडायच्या ना, तशाच ओरडल्या. ऊठ म्हणे, मेले, ऊठ!"

"मला कधी ऊठ नाही म्हणाली," ते म्हणाले. "मला रोज म्हणायची, बसा. बसा थोडा वेळ. आता कुठं जायचंय तुम्हाला." त्यांनी माझ्या झडपेकडे पाहिले. "चाळीस वर्षं संसार केला तिच्याबरोबर. एका जागी बसलेलं तिला कधी खपलं नाही माझं."

"मग माझ्याशी बोलत होतं ते कोण गं?"

माझ्यातून त्या साऱ्या दुपारी वायूखेरीज काही गेले नव्हते. "बसा" गेले नव्हते आणि "ऊठ"ही गेले नव्हते. मिस्त्रींनी फरशीचे पुन्हा नाव काढले नाही. चहा पिऊन ते अंगणात गेले आणि ओल्या चादरीचे दुसरे टोक धरून सूनबाईबरोबर ती पिळू लागले. आता रोज दुपारी ते अंगणातच असतात.

मित्रांनो, घर जरूर बंदिस्त करा. ऊब वाचवा, वीज वाचवा, ते शहाणपणाचेच आहे. पण एखादे जुने भोक बुजवण्याआधी त्याच्यातून काय जाते ते शोधा. प्रत्येक नळी कुठे शिरते आणि कुठे निघते, ते हाताने चाचपून पाहा. घरातले म्हातारे माणूस म्हणाले की आत काहीतरी बसले आहे, तर हसू नका. वर चढून बघा. आणि बंद खोलीत दुपारच्या वेळी कोणी फार मायेने तुम्हाला म्हणाले, बस, थोडा वेळ बस, तर आधी उठा आणि दार उघडा.